देवापुढचे मरँग

परवा लेकीने ओव्हन उघडला आणि भाजलेल्या साखरेच्या वासासरशी मला इथलं, परदेशातलं, मरीन परेड भागातलं आमचं जुनं घर आठवलं.

दोन हजार चौदा-पंधराची गोष्ट. लेक नऊ वर्षांची होती आणि शाळेतल्या पार्टीला तिला ईटन मेस न्यायचं होतं, म्हणजे स्ट्रॉबेरी, फेटलेलं क्रीम आणि त्यात चुरलेले मरँग, अंड्याचा पांढरा भाग साखर घालून फेटून भाजलेले कुरकुरीत गोळे. इथल्या दमट हवेत मरँग लगेच चिकट होतात, म्हणून हॉलमध्ये एसी लावून मी ताट तिथे ठेवलं आणि क्रीम फेटायला गेले. परत येते तर पुण्याहून आलेल्या सासूबाई देवापुढे हात जोडून उभ्या, आणि समोर वाटीत माझे दोन मरँग!

"बत्तासे छान जमलेत गं. नैवेद्य दाखवला," असं म्हणत त्यांनी प्रसादाचा एक तोंडात टाकलासुद्धा.

जन्मात अंड्याला न शिवलेली बाई! सांगावं की नाही, या विचारात मी असतानाच लेक इथल्या बोलीतल्या इंग्रजीत ओरडली, "आजी, दॅट वन गॉट एग लाह!"

सासूबाई चावायच्या थांबल्या. त्यांनी देवाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि घास शांतपणे गिळला.

"त्याला चाललं, मग मी कोण नाही म्हणणारी?" त्यांनी वाटी पुढे केली. "घाल आता यात ते क्रीम."

तेव्हा शरमेने मला हसूसुद्धा आलं नव्हतं.

परवा लेकीने मरँग चुरण्याआधी एक उचलून देवापुढे ठेवला. तिला वाटतं, ती कृतीतलीच एक पायरी आहे.