सुनंदाबाईंची शेंगांची परात

"काका, आई गेली," एवढंच सुनंदाबाईंचा निखिल फोनवर म्हणाला. उरणच्या कॉलेजात सुनंदाबाई मानसशास्त्र शिकवायच्या आणि मी इतिहास. म्हणजे माणसं शहाण्यासारखी का वागत नाहीत, याच विषयावर आम्ही दोघं पगार घेत होतो.

बाई नवीन असताना कॉलेजात आरोग्य सप्ताह झाला. पाहुण्यांनी शाल पांघरून नाचणीचं माहात्म्य सांगितलं आणि व्यासपीठावरून उतरून वड्यांचा अल्पोपहार घेतला. बाईंनी उत्साहानं कॅन्टीनमध्ये वड्यांच्या वर पाटी टांगली : 'रोज तळलेलं खाणाऱ्याचं हृदय लवकर थकतं.' वड्यांचा खप वाढला. "बाई, पाटी वाचली की वडाच आठवतो," एका मुलीनं सांगितलं. बाई खळखळून हसल्या आणि त्यांनी स्वतःच पाटी उतरवली. नंतर फक्त जागा बदलल्या. उसळ आणि केळी दारात आली, वडे आतल्या कोपऱ्यात गेले, आणि ज्यांचं बघून बाकीची मुलं वागायची, त्या कबड्डीच्या पोरांना त्यांनी दारापाशीच बसायला लावलं. फीत कापली नाही, त्यामुळे या कामाची कुणी दखल घेतली नाही. मुलं उसळ खाऊ लागली, एवढंच.

घरी हे शहाणपण चालेना. नवरा मधुमेहानं अकाली गेलेला. निखिल कंटेनर यार्डात नोकरीला लागला आणि चायनीज व थंड पेयांवर जगू लागला. त्याच्याही रक्तात साखर वाढतेय असं कळलं, तेव्हा बाई रोज ओरडू लागल्या. तो म्हणायचा, "आये, लेक्चर कॉलेजान दे, घरान नको." आणि बाहेरूनच खाऊन यायचा.

"लोकांची मुलं वळली हो, माझंच वळेना," त्या एकदा मला म्हणाल्या. तो आवाज शिक्षिकेचा नव्हता.

त्या थंडीत शेजारच्या शेतात पोरांनी पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, भोवती जाळ. घरी वालाच्या वाटीला नाक मुरडणारा निखिल मित्रांशी गप्पा मारत शेंगांचा फडशा पाडत होता. बाई कुंपणापाशी बघत राहिल्या. "चव तीच," त्या मला म्हणाल्या, "फक्त तिथे 'खा' म्हणणारं कोणी नाही."

तेव्हापासून त्यांच्या ओटीवर मधोमध उकडलेल्या शेंगांची परात दिसू लागली. मोसम सरला की पेरू, काकडी. बाई स्वतः सोलत बसायच्या, यार्डातल्या गमती विचारायच्या, खाण्याबद्दल चकार शब्द नाही. बरेच दिवस त्यानं परातीकडे ढुंकूनही पाहिलं नाही... जन्मभर बोलण्याचा पगार घेतलेल्या बाईला ते मौन किती जड गेलं असेल! मग एकदा, साहेबाची नक्कल करता करता, त्याचा हात आपसूक परातीत गेला. बाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही. पुढे त्याची साखर उतरली, तेव्हाही विजयाचं भाषण झालं नाही.

परवा त्याला भेटायला गेलो. मलाही खाण्यावरून डॉक्टर बजावतात, बायको बजावते, आणि मी दोघांनाही दाद देत नाही, हे निखिलला ठाऊक आहे. "बसा काका," म्हणून तो आत गेला, परात घेऊन आला, आमच्या मधोमध ठेवली आणि आईबद्दल बोलत सोलू लागला. मीही बोललो. बोलण्यासारखं पुष्कळ होतं...

उठताना पाहिलं, तर माझ्यापुढेही सालींचा ढीग पडला होता.