भांबुर्ड्याचं तेल

माझा डावा कान वडिलांनी घालवला. हे मी आजवर चारचौघांत बोलले नाही, घरातही नाही. आता बोलते.

वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी. संध्याकाळी हौसेने होमिओपॅथीच्या गोळ्या वाटायचे. कॉलनीतली माणसं त्यांना 'डॉक्टरसाहेब' म्हणायची, आणि तिथेच सगळं बिघडलं. मी नववीत असताना माझा कान फुटला, उशीवर डाग पडू लागले. वडिलांच्या जाड पुस्तकात कानदुखीवर मुलेन नावाच्या रानझाडाच्या फुलांचं तेल दिलं होतं. भूमध्य समुद्राकडच्या कोरड्या डोंगरउतारांवर उगवणारं, आपल्याकडच्या भातशेतात न सापडणारं झाड, पानं लोकरीसारखी, फुलं पिवळी. उल्हासनगरात त्या तेलाची बाटली मिळायची.

"तिथला माल डुप्लिकेट," वडील म्हणाले. अस्सल तेल ते घरीच करणार होते.

एका रविवारी सोनिवलीकडे, भात कापून सुकलेल्या शेताच्या बांधावर त्यांना हवं ते सापडलं. लवदार पानं, पिवळी फुलं. पुस्तकातल्या चित्राशी ताडून बघितलं. मी पिशवी धरून उभी. ज्यांचं शेत, त्या बाई जवळ आल्या.

"कशाला तोडताव सायेब? भांबुर्डा हाय त्यो. ढोरा पन तोंड लावीत नाय."

"बाई, तुम्हाला याचं नाव माहीत नसेल," वडील हसून म्हणाले.

नाव तर बाईंनीच सांगितलं होतं. पण ते इंग्रजीत छापलेलं नव्हतं ना.

फुलं तिळाच्या तेलात घालून बाटली आठ दिवस गच्चीत उन्हात ठेवली. मग रोज दोन थेंब. फार दुखतंय म्हटलं की म्हणायचे, "आधी वाढतं, मग बरं होतं." पंधरा दिवसांनी सणसणून ताप चढला, तेव्हा आईने त्यांना न विचारता मला कल्याणला नेलं. कानाच्या पडद्याला भोक होतं, तेल थेट आत जात होतं. "फुटलेल्या कानात तेल कोणी घालतं का?" डॉक्टर आईवरच ओरडले. त्या कानाने मला पुन्हा ऐकू आलं नाही.

वडील कधी चुकलो म्हणाले नाहीत. पाहुण्यांना सांगायचे, हिचा कान मुळातच नाजूक. आई मला समजवायची, एका कानाने ऐकावं आणि दुसऱ्याने सोडून द्यावं. मला दुसरा होता कुठे? ऐकलेलं सगळं आतच राहिलं.

वडील निवृत्त झाले, आम्ही बदलापूरला राहायला गेलो. एका सकाळी त्यांचा कान ठणकायला लागला. गोळी नाही, पुस्तक नाही, तासाभरात रिक्षा दारात. आपला तो कान, दुसऱ्याचं ते भोक. मला सोबत घेतलं. दवाखान्यात मला स्टुलावर बसवलं, डॉक्टर माझ्या डावीकडे.

"मला आज नीट ऐकू येत नाही," वडील म्हणाले. "ते काय सांगतात ते तू ऐकून ठेव."

ही थट्टा नव्हती. ते खरोखर विसरले होते. थेंब घालताना आला नव्हता एवढा राग मला तेव्हा आला. मी स्टूल उचललं आणि उजवा कान डॉक्टरांकडे येईल अशी बसले.