ताईच्या भिंगाखालचा ठिपका

माझ्या नणंदेच्या गळ्यात दागिना नसतो, भिंग असतं. काळ्या दोरीत ओवलेलं, कडेचा एक टवका उडालेलं. घरी आल्यावरही ते काढायचं तिच्या लक्षात राहत नाही. भाजी निवडायला बसली की ते परातीत लोंबतं. माझा नवरा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, तिला चिडवायला भिंगाबाई म्हणतो. मी आपली ताईच म्हणते.

एकोणीस वर्षं ती एका कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात आहे. लोक बिघडलेले फोन, टॅब आणून देतात. ते पहिल्यांदा उघडायचे आणि बिघाड कशाने झाला ते फॉर्मवर लिहून सही करायची, हे तिचं काम. तिने 'आपोआप' लिहिलं तर दुरुस्ती फुकट. 'पाणी गेलं' किंवा 'मुद्दाम केलं' लिहिलं, तर आल्या पावली परत. खिडकीजवळच्या त्या टेबलावर तिचा भारी जीव.

प्रत्येक वस्तूच्या आत मोहरीएवढा एक पांढरा ठिपका चिकटवलेला असतो. पाणी लागलं की तो लाल होतो. गेल्या वर्षी नवा साहेब आला, वयाने ताईच्या निम्मा, बोलायला मधाळ. एक दिवस त्याने कान साफ करायची कापसाची काडी ओली करून आणली. टेबलावर एका शिवणकाम करणाऱ्या बाईचा फोन उघडा होता. ठिपका स्वच्छ पांढरा.

"ताई, हल्ली लोक मुद्दाम बिघडवून आणतात. वरून ओरड आहे, तक्रारी कमी करा म्हणून. एवढा ठिपका जरा लाल करा."

"तुम्हीच करा की. काडी तुमच्याच हातात आहे."

"सही तुमची लागते ना!"

"मग सही पांढऱ्यावरच होईल."

दुसऱ्या दिवसापासून तिने स्वतःची एक पद्धत सुरू केली. वस्तू उघडली की मालकाला नंबर पुकारून टेबलाशी बोलवायचं, भिंगातून आतलं दाखवायचं, आणि 'काय दिसलं' ते त्याच्याच हाताने फॉर्मवर लिहून घ्यायचं. मग मागाहून कोणी काडी फिरवली तरी उपयोग नाही. रांग लांबली. साहेबाचं तोंड त्याहून लांब झालं.

"टेबल जाईल हं तुमचं," तो म्हणाला.

"टेबल कंपनीचं आहे. भिंग माझं."

हे सगळं ती घरी हसत हसत सांगायची. पण सांगता सांगता गळ्यातलं भिंग पुन्हा पुन्हा पुसायची.

आणि अशात आमच्या नवरोबांनी पराक्रम केला. त्यांचा टॅब रडतखडत चालत होता. वॉरंटीचे थोडेच दिवस उरलेले. आतला मुख्य भाग जळाला तर कंपनी नवाकोरा टॅब देते, हे त्यांना ऑफिसात कुणीतरी सांगितलेलं. एका सकाळी मला गॅसचा लाइटर सापडेना. काडेपेटीवर चहा केला. केर काढताना लाइटर सापडला तो ह्यांच्या टेबलावर, टॅबच्या शेजारी. मी उचलून जागेवर ठेवला आणि काही विचारलं नाही. समजलं होतं, तरी विचारलं नाही. माझी चूक ती एवढी.

दुपारी आम्ही दोघं केंद्रात गेलो. हे ऐटीत म्हणाले, "आत आपलंच माणूस आहे. सही झालीच म्हणून समज."

थोड्या वेळाने आतून ताईचा आवाज आला, "एकेचाळीस नंबर!"

हे जागचे हलेनात. एकेचाळीस नंबर आमचाच होता.

"एकेचाळीस नंबर कोण आहे? या इकडे. बघा भिंगातून. काय दिसतंय?"

"ताई, अगं, मी..."

"काय दिसतंय ते सांगा."

"पांढरा ठिपका."

"आणि चार्जिंगच्या भोकापाशी?"

"काळं काहीतरी."

"ठिणगी पडल्याची खूण आहे ती. आणि ठिणगी बाहेरून आलीय." मग तिने एकदम माझ्याकडे पाहिलं. "अगं, आज सकाळी गॅस कशाने पेटवलास?"

"काडेपेटीने," मी बोलून गेले.

रांगेतल्या दोघीतिघी फस्सकन हसल्या. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की घरी आता काही खरं नाही.

साहेब लगबगीने बाहेर आला, आम्हाला केबिनमध्ये नेलं, खुर्च्या दिल्या. फार खूश दिसत होता. "घरचंच काम आहे. ताई, 'कारण समजले नाही' एवढं लिहा, उद्या नवा टॅब. आणि तुम्हीही आता आमचं थोडं ऐकत जा. ते भिंगातून दाखवणं वगैरे बंद करा. देवाणघेवाण असते."

ह्यांनी मान डोलावली. "बरोबर बोलतायत ते. कंपनी काय साव आहे का? दीड वर्षात टॅब मरतो तो काय आपोआप? त्यांनी लुटायचं आणि आपण हात जोडायचे?"

"कंपनीशी भांडायचंय?" ताई म्हणाली. "भांड. टॅब दीड वर्षात का मरतो म्हणून तक्रार लिही, मी तुझ्याबरोबर सही करते. पण तू लाइटर मारलास, आणि ह्या साहेबांना काडी ओली करायला कारण मिळालं. कंपनीला तुझ्या टॅबने ओरखडाही उठत नाही. परत जातो तो त्या शिवणवालीचा फोन."

"तू माझी बहीण आहेस की कंपनीची?"

"कंपनीची असते तर ठिपका केव्हाच लाल केला असता."

तिने फॉर्म ओढला आणि आम्हाला ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणत लिहिलं: "बिघाड मुद्दाम केलेला. वस्तू माझ्या सख्ख्या भावाची." सही केली. खाली तारीख घातली. साहेबापुढे फॉर्म सरकवला आणि म्हणाली, "आता टेबल काढा."

त्याने खरंच काढलं. सोमवारपासून ताईला दारातल्या काउंटरवर बसवलं, नंबराच्या चिठ्ठ्या वाटायला. एकोणीस वर्षांची कसबी बाई, आणि हातात चिठ्ठ्यांचं पुडकं. त्या दिवशी घरी आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मी चहा ठेवला. लाइटरने.

हे तीन दिवस फुगून बसले. चौथ्या दिवशी टॅब तिच्यापुढे ठेवून म्हणाले, "हा होईल का नीट?"

"होईल. बॅटरी धर अशी, हलू नकोस." तासभर बॅटरीचा उजेड धरून बहादुरांचा हात भरून आला. ताईने जळका तुकडा काढून दुसरा बसवला. टॅब चालू झाला, पहिल्यासारखाच रडतखडत.

"नव्याची मजा नाही," हे पुटपुटले.

"जुन्याची सवय कर," ती म्हणाली.

परवा मी तिचा डबा द्यायला केंद्रात गेले. काउंटरपुढे ही गर्दी. ताई चिठ्ठी फाडून देत होती आणि प्रत्येकाला, अगदी प्रत्येकाला सांगत होती, "आत गेलात की आधी पांढरा ठिपका दाखवा म्हणायचं. बघितल्याशिवाय कशावरही सही करायची नाही. आणि स्वतः काही उद्योग करून आणला असेल, तर इथूनच घरी जा."

पूर्वी टेबलाशी जो येईल तेवढ्यालाच ती सांगायची. आता दारातून आत पाऊल टाकणारा प्रत्येक माणूस तिच्यासमोरून जातो. हे साहेबाच्या लक्षात आलं होतं, केबिनच्या काचेआडून तो बघत उभा होता.

एका आजोबांनी विचारलं, "पण बाई, मला एवढं बारीक दिसायचं कसं?"

ताईने गळ्यातली दोरी काढली आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. "जाताना परत द्या," म्हणाली. "पुढचा नंबर!"