जमिनीला कान लावणाऱ्या सासूबाई

आमच्या सासूबाई एकतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात आहेत आणि त्यांचं काम आहे ऐकणं. हातात छातीएवढ्या उंचीची लोखंडी दांडी. तिचं टोक रस्त्यावर टेकवायचं, वरच्या लाकडी वाटीला कान लावायचा आणि जमिनीखाली पाइप कुठे गळतोय ते सांगायचं. घरी मात्र तीन हाका मारल्याशिवाय त्यांना ऐकू जात नाही. "ऑफिसचा कान मी घरी वापरत नाही," म्हणतात.

बायकोच्या नोकरीसाठी मी दक्षिणेतलं महानगर सोडून या उत्तरेच्या गारठ्यात आलो, तेव्हा पहिलं वर्ष नुसता कुरकुरत होतो. ना धड गाव, ना धड शहर. हिवाळ्यात चारलाच अंधार. नाटक महिन्यातून एक, तेही पडेल. सासूबाई सगळं ऐकून घ्यायच्या. एकदाच म्हणाल्या, "जावईबापू, दोन तासांत या टोकाहून त्या टोकाला चालत जाता येतं आणि तरी रोज एखादा अनोळखी चेहरा भेटतो. याहून मोठं शहर घेऊन करायचंय काय?"

मी मनात म्हटलं, कोल्ह्याला द्राक्षं आंबट.

त्याच हिवाळ्यात एका सकाळी टेकडीवरच्या वस्तीचे नळ कोरडे पडले. तिथल्या दवाखान्याला टँकर लावावा लागला. मी शिकवतो ती शाळाही तिथलीच, तिला सुट्टी मिळाली. सासूबाई सहालाच बाहेर पडल्या होत्या आणि हातमोजे टेबलावर विसरल्या होत्या.

"देऊन ये," बायको म्हणाली. "नाहीतर बोटं गोठवून येईल आणि वर आपल्यालाच ऐकवेल."

टेकडीला पाणी नेणारा पाइप स्टेशनच्या रस्त्याखालून जातो. मी तिथे पोचलो, तर पुरुषभर खोल खड्डा खणून झाला होता. आत पाण्याचा थेंब नव्हता. जमीन गोठलेली असली की गळतीचं पाणी वर येत नाही, खालच्या खाली गटाराला मिळतं. म्हणून तर सगळी भिस्त सासूबाईंच्या कानावर. चार कामगार फावड्यांवर रेलून उभे होते.

"बाई, इथेच म्हणाला होतात," मुकादम म्हणाला.

"म्हणाले होते. चुकलं माझं."

एवढंच. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी माझ्या हातातले हातमोजे घेऊन चढवले, पुन्हा दांडी टेकवली, कान लावला आणि मान वर करून समोरच्या बेकरीकडे पाहिलं.

"पाणी फुसफुसतं. हे गुणगुणतंय. बेकरीतलं थंड खोलीचं यंत्र आहे हे."

बेकरीवाला आधी कां-कूं करत होता. "यंत्र बंद ठेवलं तर लोणी वितळेल हो."

"या थंडीत वितळलं, तर सगळं मी विकत घेईन."

त्याने बटण बंद केलं. पण आता छापखाना ऐकू यायला लागला. सासूबाई माझ्याकडे वळल्या. "जावईबापू, तुम्ही डावीकडची दुकानं घ्या, मी उजवीकडची."

"पण त्यांना सांगू काय?"

"सांगा, पाण्याच्या बाई ऐकतायत."

मी चाचरत छापखान्यात शिरलो आणि तेवढंच वाक्य बोललो. मालकाने काही न विचारता यंत्र थांबवलं. चांभाराचं घासायचं चाक थांबलं. न्हाव्याने रेडिओ बंद केला आणि अर्ध्या गालावर फेस असलेलं गिऱ्हाईक तसंच बसून राहिलं. थांब्यावरच्या बस-ड्रायव्हरने तर मी पोचायच्या आत इंजिन बंद केलं होतं. माझ्या जुन्या शहरात एवढ्यासाठी तीन अर्ज आणि एक मोर्चा लागला असता.

रस्ता गप्प झाला. सासूबाई चार पावलं चालायच्या, कान लावायच्या, पुन्हा चार पावलं. चपलांच्या दुकानासमोर त्या थांबल्या. डोळे मिटले. बराच वेळ तशाच वाकून राहिल्या.

"इथे."

"नक्की ना, बाई?" मुकादमाने विचारलं.

"नक्की म्हणून मघाशीही सांगितलं होतं. खणा."

तासाभरात खड्ड्यातला कामगार ओरडला. कंबरेपर्यंत भिजला होता आणि हसत होता. न्हावी, छापखानेवाला, बेकरीवाला, सगळे दारात आले. दुपारपर्यंत पाइप जोडून झाला. तेवढ्यात खात्याचे साहेब आले.

"पहिला खड्डा आपण अहवालात चाचणी म्हणून दाखवू," ते हळूच म्हणाले.

"चाचणी कसली? चूक होती, चूकच लिहा. आणि रस्ता दहा मिनिटं गप्प बसला, तेही लिहा."

"त्याला रकाना नाही हो, बाई."

"मग समासात लिहा."

साहेबांनी पेन काढलं आणि खरंच समासात लिहिलं. मी वाकून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुरू झाली. मी टेकडीची बस धरली, तर ड्रायव्हर तोच. तिकीट फाडता फाडता त्याने विचारलं, "काल पाण्याच्या बाईंबरोबर होतात ना? त्यांचे कोण तुम्ही?"

"जावई," मी म्हणालो, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.