मुक्कामाची घरं

कोल्हापुरात कुठल्याही गावाचं नाव काढलं की समोरचा माणूस अंतर विचारत नाही. "तिथं तुमचं कोण असतंय?" असं विचारतो. त्यामुळे नव्वदीच्या दशकात मी आणि माझ्या दोस्तानं सायकलवरून धरणांच्या मुलखात फिरायचं ठरवलं, तेव्हा आमचं नियोजन घाटांवर अडलंच नाही. ते अडलं मुक्कामांवर.

आम्ही दोघं उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये कामाला होतो. तो लेथवर, मी ऑफिसात. सुटी झाली की रंकाळ्याच्या कट्ट्यावर नकाशा पसरायचा, वाऱ्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यांवर चपला ठेवायच्या आणि वाट आखायची. राधानगरीचं धरण, तिथून काळम्मावाडी, मग गारगोटीवरून वर पाटगावचा तलाव आणि येताना मुरगूड. सगळा डोंगराळ रस्ता. चढ संपला की खाली पाणी दिसणार, आणि पाणी मागं पडलं की पुढचा चढ. त्यानं दोन्ही सायकलींना मागं जास्त दातांची फ्रीव्हील बसवली, चढाला पाय हलका पडावा म्हणून. मग एका सुटीला आम्ही जोतिबाचा डोंगर चढून बघितला. अर्ध्या वाटेत मी उतरून सायकल ढकलायला लागलो, तर तो वरून ओरडला, "सायकल तुला न्यायला घेतलीया, तू सायकलीला न्हाय."

लॉजचा विषय मी एकदाच काढला.

"लॉजवर उतरायला आपण काय एजंट हाय?" तो म्हणाला. "पावणं कशाला केल्यात मग?"

पहिला मुक्काम त्याच्या आत्तीकडे, राधानगरीच्या पुढं. त्याची आई लवकर गेली आणि त्याला आत्तीनंच वाढवलं होतं. तिच्या अंगणातून धरणाचं पाणी कसं दिसतं, ती नाचणीची भाकरी कशी थापते, हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते घर मी न बघताच ओळखलं असतं. त्यानं तिच्या गावाला लाल पेन्सिलीनं गोल केला. "आता तुझं घर सांग."

माझी मावशी पाटगावच्या अलीकडच्या गावात. मी गावाचं नाव सांगितलं आणि जरा थांबलो. आम्ही बौद्ध, मावशीचं घर गावाबाहेरच्या वस्तीत. तो मराठ्यांच्या शेतकरी घरातला. त्याला हे माहीत होतंच. त्यानं माझ्या मावशीच्या गावाला आत्तीपेक्षा मोठा गोल केला.

इतकी वर्षं आम्ही गाडीवरची मिसळ एका प्लेटमधून खात होतो, पण एकमेकांच्या घरात जेवायला कधी बसलो नव्हतो. कुणी बंदी घातली नव्हती. अजून तशी वेळ आली नाही, असं दोघंही धरून चाललो होतो.

मध्येच तो आत्तीच्या गावच्या जत्रेला जाऊन आला. आल्यावर कट्ट्यावर बसला, खोडरबर काढला आणि पहिला गोल खोडायला लागला.

"आत्तीकडचा मुक्काम नको. धरणाजवळच्या शाळंत झोपू."

"का?"

"तिच्या घराकडं लई चढ हाय."

"चढ पहिल्यापासनं हाय की."

तो खोडत राहिला. मी विचारलं, "माझ्यामुळं?"

"व्हय," तो म्हणाला. आमच्याकडे माणसं गोष्ट लपवतील, पण तोंडावर विचारली तर खोटं बोलणार नाहीत. "ती म्हणली, त्याला सोप्यात वाढते. ताट येगळं काढून ठेवलंय. मायेनं म्हणली रे. वाईट न्हाय ती."

"मी कुठं वाईट म्हणालो?"

पण मला राग आला होता, आणि तो मी गिळलाही नाही. सोपा म्हणजे घराबाहेरचीच जागा, नुसतं वर छप्पर. मी म्हणालो, "राहू दे तुझं. माझी मावशी तुला मधघरात बसवून जेवू घालंल, बघ." हे बोलताना मला बरं वाटलं. त्यानं मान डोलावली. तेवढ्या एका घरावर आमची सगळी सहल उभी राहिली.

मावशीच्या शेजारची एक बाई सरकारी दवाखान्यात आली होती. तिच्याबरोबर मावशीनं आईला सांगावा धाडला. पोरांनी खुशाल यावं. मित्राच्या जेवणाची आणि निजण्याची सोय पाटलांच्या घरात केलीय. त्याच्यासाठी नवी वाकळ शिवून पाटलीणबाईंकडं नेऊन दिलीय. त्याला अवघडल्यासारखं व्हायचं नाही.

"बहिणीनं किती इचार केलाय बघ," आई कौतुकानं म्हणाली.

"आई, तो आपल्यातच जेवायचा होता."

"तो म्हणंल रं. तिच्यात एकदा गावातला मास्तर जेवलाता. लोकांनी त्याचं पाणी बंद केलं. गेला बिचारा बदली मागून. हे पोरगं आपल्यापायी कशाला अडचणीत यायचं?"

आत्तीवर मला रागावता तरी आलं होतं. मावशीवर कसं रागवायचं? तिनं डोळे फोडून त्याच्यासाठी वाकळ शिवली होती आणि ती गावातल्या घरात नेऊन दिली होती. आमच्या वाटेवर आता दोघांनी मिळून झोपावं असं एकही घर उरलं नव्हतं, आणि दोन्ही घरांनी हे मायेपोटीच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर मी त्याला सांगितलं. आत्तीचं ऐकताना जेवढं लागलं, त्यापेक्षा हे सांगताना जास्त लागलं.

"म्हंजे सगळ्यांनीच सोय केली की आपली," तो म्हणाला.

मग नकाशाची घडी घालून तो सरळ सायकलवर बसला. मी मागोमाग निघालो. तो आमच्या घरापुढं उतरला, हातपाय धुतले आणि आईच्या चुलीपुढं जाऊन मांडी घातली.

"काकी, भूक लागलीया."

आईनं माझ्याकडं बघितलं. मग तव्यावरची भाकरी उतरवून तिनं त्याला वाढलं. वांग्याचं कोरड्यास होतं. दुसऱ्यांदा मागून जेवल्यावर तो म्हणाला, "आता बहिणीला सांगावा धाडा. म्हणावं, ह्याला आमच्यातलंच पचतंय."

उन्हाळा तापायच्या आधी आम्ही निघालो. आत्तीच्या दारावरूनच रस्ता होता. इतके दिवस त्या घराचं वर्णन करणारा माझा दोस्त मान खाली घालून, घंटी न वाजवता पुढं गेला. मी मात्र बघून घेतलं. पाणी खरंच अंगणातून दिसत होतं.

मावशीला सांगावा पोचला होता, पण वाकळ पाटलांकडंच होती. दिलेली वस्तू परत कोणत्या तोंडानं मागायची, हे तिला सुचलं नव्हतं. ते कळल्यावर तो उठला, पाटलांच्या वाड्यावर गेला आणि वाकळ खांद्यावर टाकून भरदिवसा चावडीवरून चालत वस्तीत आला. मावशी दारात उभी होती. ती हरखेल असं मला वाटलं होतं, पण ती त्याच्यावर चांगलीच रागावली.

"सगळं गाव बघतंय, कळतंय का? आधी पाय धू, मग मिरीव."

संध्याकाळी तिनं ताटं वाढली. एक माझ्यापुढं ठेवलं आणि त्याचं, सवयीनं म्हणा किंवा भीतीनं, जरा लांब. तो ताट उचलून माझ्या शेजारी सरकला आणि जेवायला लागला. जेवता जेवता मध्येच थांबला.

"आत्तीकडंबी असंच सरकायला पायजे होतं मी. गोल कशाला खोडला?"

पुढच्या वर्षी आम्ही तीच वाट पुन्हा आखली. आत्तीच्या गावाला त्यानं पुन्हा लाल गोल केला. या वेळी मी जरा कुरकुरलो, कारण सोप्यात जेवायला मला जायचंच नव्हतं. तो म्हणाला, "तू एकटा न्हाईस की."

आत्तीनं त्याला पोटाशी धरलं. मला "या पावणं" म्हणाली आणि सोप्यात घोंगडं टाकलं. माझं ताट बाहेर आलं, त्याचं आत वाढलेलं होतं. तो आत गेला, ताट उचलून बाहेर आला आणि माझ्या घोंगड्यावर बसला. आत्ती उंबऱ्याच्या आत उभी राहिली. आमच्या दोघांच्या ताटांत भाकरी वाढत राहिली, पण स्वतः जेवली नाही. मला तिचा राग येईना आणि तिला माफही करवेना.

सकाळी निघताना तिनं वाटेसाठी भाकरी बांधून दिली. घाट चढून वर गेल्यावर आम्ही गाठोडं सोडलं. दोघांची भाकरी तिनं एकाच फडक्यात बांधली होती.