त्या दोन ओळी कुणाच्या

तुम्हाला कविता कुठून सुचते, असं कुणी विचारलं की मी हसून वेळ मारून नेते. खरं सांगायला बसले तर विचारणाऱ्याचा चहा गार व्हायचा.

सोलापुरात गिरणीच्या चाळीत आमची एक खोली होती. काका, काकू, त्यांची दोन तान्ही आणि मी. आई मला आठवत नाही. बाप मुंबईला जातो म्हणून गेला तो गेलाच. काका गिरणीत मागावर होता आणि घरी असला तरी नसल्यासारखाच. काकूचा हात मात्र फार चालायचा. लाटणं, फुंकणी, जे हाताला लागेल ते. एकदा तिनं चुलीत तापलेलं उलथनं माझ्या गालाला लावलं. का, तर मी न विचारता भाकरी मोडली. तीही अर्धी, आणि करपलेली!

मारून झालं की दम खात ती म्हणायची, "तुज्यातच खोट हाय. चांगल्या पोरींना कोन मारतंय का? बघ की आजूबाजूला."

मी खरंच बघायची. मुलखाची चौकस कार्टी मी. ही खोट असते तरी कुठं, हे मला शोधून काढायचंच होतं. घागरीतल्या पाण्यात तोंड बघायची, जीभ बाहेर काढून बघायची. एकदा तर शेजारणीला सरळ विचारलं, "मावशी, माज्यात खोट कुटं दिसतीया का?" ती म्हणाली, "जा गं, सकाळच्या पारी डोस्कं खाऊ नगंस." मारापेक्षा याचीच मला जास्त भीती होती, की काकू म्हणते ते खरं निघालं तर?

हादग्याच्या दिवसांत काकू मला खुशाल सोडायची. बाहेर खिरापत खाऊन आले की घरची भाकरी वाचे. भिंतीवर हत्तीचं चित्र लावायचं, मुलींनी फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची. वासावरून ओळखण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. उपाशी पोटाचं नाक तिखट असतं, त्यात कौतुक कसलं!

पण त्या वर्षी माझं लक्ष गाण्यांवर गेलं. जवळजवळ प्रत्येक गाण्यात सासू सुनेला छळते, आणि पोरी हसतहसत म्हणतात. मी एका मोठ्या पोरीला विचारलं, "ही गानी कोन करतं गं?"

"कोन करतंय? असत्यात."

असत्यात म्हणजे काय? कुणाच्या तरी तोंडातून ती पहिल्यांदा निघालीच असतील ना? मग माझ्या तोंडातून का नकोत? दुसऱ्या दिवशी फेरात मी मध्येच सुरू केलं. काकूचं नाव घेण्याची छाती नव्हती, म्हणून सासू घातली.

चुलीत उलथनं लाल गं लाल,
सासूनं पुसलं माजं गाल.
भाकर मागता दाविला चांद,
म्हनं वरनं तोड नि खाली रांद.

पोरी खदाखदा हसल्या. म्हणाल्या, लई झ्याक हाय, पुन्यांदा म्हन. माझ्या गालावरचा डाग सगळ्यांसमोर होता, पण एकीच्याही ध्यानात आलं नाही. मला राग आला, आणि गंमत म्हणजे बरंही वाटलं. दोनचार दिवसांत गाणं चाळीबाहेर पडलं. कुणाची मावशी पेठेत, कुणाची आत्या सात रस्त्याकडं, पोरी जातील तिकडं ते गेलं.

एका संध्याकाळी परक्या गल्लीत फेर चालला होता. माझंच गाणं! मी फुशारून उभी राहिले. पण चांदाशी ते थांबलं नाही. पोरी पुढं म्हणू लागल्या:

कणगीत घातलं, झाकान वर,
मुंग्यांनी केलं अंगावर घर.

या ओळी माझ्या नव्हत्या. आमच्या खोलीत धान्य साठवायची कणगी कुठली? आम्ही रोजचं पसाभर धान्य आणणारी माणसं. कणगी म्हणजे भरलेलं घर. आणि ते मुंग्यांचं? ते कुणाला उगाच सुचणार नाही, हे मला पक्कं कळत होतं. उलथन्याचं मला तरी कुठं उगाच सुचलं होतं?

मग मी त्या ओळींच्या मागंच लागले. "तुला कुनी शिकविलं?" "हिनं." "आनि हिला?" "त्या गल्लीतल्या पोरींनी." हादगा एकदा बोळवला की गाणी वर्षभर बंद, म्हणून जीव नुसता वरखाली होत होता. विचारत विचारत बोळवणीच्या आदल्या दिवशी एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या दारात पोचले. घरात कानडी, अंगणात मराठी. फेरातल्या पोरींचे परकर रेशमी. "कुनाची गं तू?" एकीनं विचारलं, पण हात दिला.

गाणं आलं. उलथन्याला सगळ्या हसल्या, मी सोडून. कणगीलाही सगळ्या हसल्या. समोरची एक सोडून. तिच्या कानात सोन्याची फुलं होती, वेणी चापूनचोपून घातलेली होती, आणि ती हसत नव्हती.

फेर सुटल्यावर मी तिला गाठलं. ती माझ्या गालाकडं बघत राहिली. एवढ्या दिवसांत त्या डागाकडं नीट बघणारी ती पहिलीच.

"कोनी लावलं?" तिनं विचारलं.

"काकूनं. आनि तुला कनगीत?"

"अव्वानं."

"सावत्र आई?"

"न्हाय. माजी अव्वा."

घरात धान्य होतं, अंगावर सोनं होतं, आई होती. सख्खी आई! मग हिच्यात केवढी खोट असेल? सवयच ती. मी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, डोळ्यांत बघितलं, हात हातात घेऊन उलटेपालटे करून बघितले. अगदी काकूच्या नजरेनं शोधलं. मनगटावर मुंग्या चावल्याचे बारीक लाल ठिपके होते. दुसरं काही नव्हतं. नऊ-दहा वर्षांची साधी पोर होती ती.

"काय बगतीस?" ती म्हणाली.

"काय न्हाय," मी म्हणाले, आणि तिथंच अंगणात मोठ्यानं रडायला लागले. हिच्यात नाही, तर मग माझ्यात तरी कुठं होती?