मास्तरांचा हिरवा पैलवान

"हात लावू नगा, पैलवान पडंल!" मास्तरांच्या खोलीत पाऊल टाकलं की हे पहिलं स्वागत. चहा नंतर.

आमच्या शेजारचे मास्तर टेक्निकल शाळेत वायरमनचा वर्ग घेत. आता ते नाहीत, पण असा एखादा अवलिया तुमच्याही गल्लीत असेलच. भंगारातल्या रेडिओंचे भाग जोडून त्यांनी कपाटाएवढं यंत्र केलं होतं. समोर चाळीस बटणं, मधे गोल काच. बटणं फिरवली की काचेवर हिरव्या रेषेचा पैलवान उभा राही आणि चक्क बैठका मारी. कोल्हापुरात तेव्हा टीव्हीसुद्धा नव्हता! "ह्याला कॉम्प्युटर म्हणत्यात," मास्तर सांगत. "ह्यात आकडं न्हाईत, नुसती वीज नाचती." आम्ही माना डोलवत असू. कळत होतं डोंबल!

एका सिनेमावाल्यानं पैलवान पाहिला आणि सिनेमाच्या सुरुवातीला येणाऱ्या नावांच्या पाट्यांमागे तोच घ्यायचं कबूल केलं. दसऱ्याला कॅमेरा घेऊन येतो म्हणाला. मास्तरांनी तीन महिने खपून पैलवान पक्का बसवला. बटण जरा जागचं हललं की तो गेलाच. "वहीत लिहून ठेवा की," मी म्हटलं. "केसभर फिरवलेलं कसं लिवायचं?" मास्तर म्हणाले.

आली खंडेनवमी. मास्तर शाळेतली हत्यारं पुजायला गेले, त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, घरातली काढली. पक्कड, विळी, शिलाई मशीन. मग यंत्र कसं सोडतील? चाळीसही बटणं फडक्यानं लख्ख पुसली, प्रत्येकाला हळदकुंकू लावलं, वर झेंडूची माळ!

मास्तर आले, यंत्र लावलं, तर काचेवर नुसत्या वेड्यावाकड्या रेषा. वहिनींना चूक कळली, त्या रडायला लागल्या. आता हा माणूस घर डोक्यावर घेणार, असं मला वाटलं.

"पूजा तर झ्याक केलीस की," मास्तर म्हणाले. "रडू नगंस. ये, बटणं फिरव."

दोघं बसली. दुसऱ्या दिवशी कॅमेरा आला तेव्हा पैलवान उभा होता, पण पोट सुटलेला, उठताना गुडघ्यावर हात टेकणारा. मास्तरांचा चेहरा उतरला. सिनेमावाला मात्र खो खो हसला. "अवो, हा तर आमच्या तालमीचा वस्ताद हाय! ह्योच पायजे."

सिनेमा लागला त्या दिवशी अख्खी गल्ली थिएटरात. पैलवान डुलत उठला आणि शिट्ट्यांनी छप्पर दणाणलं. मास्तरांनी भर थिएटरात वहिनींचा हात धरला. त्या काळात! माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू?

नावं संपली. मास्तर उठले, वहिनी उठल्या, मागोमाग सगळी गल्ली. दारावरचा माणूस ओरडला, "अवो पावणं, पिक्चर आत्ता तर सुरू झालाय!"

मास्तर चालता चालता म्हणाले, "आमचा संपला की."